रेडिओग्राफी कॅमेरा दुसऱ्या साइटवर न्यायचाय? परवानगीपासून पिटपर्यंतचा रस्ता

गुजरातमधल्या दहेजच्या एका प्लांटचं गेट, रात्रीचे पावणेअकरा. गाडीत इरिडियम-१९२ चा ४२ क्युरीचा सोर्स भरलेला कॅमेरा. हा फोटोचा कॅमेरा नव्हे; किरणोत्सारी सोर्स जड कवचात (शिल्डिंगमध्ये) ठेवणारं उपकरण, ज्याच्या गॅमा किरणांनी पाइपचे जोड तपासतात. सरकारी परवानगी हातात, लेबल बरोबर, ड्रायव्हरचे कागद बरोबर. तरी गेटवरचा माणूस आत सोडेना, कारण प्लांटच्या सेफ्टी विभागाला आम्ही येणार हे कुणी कळवलंच नव्हतं. कॅमेरा साठवायचा कुलूपबंद खड्डा, म्हणजे पिट, गेटपासून चारशे पावलांवर होता आणि आम्ही रात्रभर बाहेर. मी आणि ट्रेनी रेडिओग्राफर दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून गाडीपाशी उभे राहिलो. सकाळी साडेआठला पास मिळाला.

ही माझी पहिली ने-आण. त्यानंतर बऱ्याच केल्या, आणि प्रत्येक वेळी नवीन आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) आणि साइट इनचार्ज त्याच त्या ठिकाणी अडकताना पाहिले. हा लेख त्यांच्यासाठी आहे. फक्त इंडस्ट्रियल गॅमा रेडिओग्राफीचा कॅमेरा भारतात रस्त्याने नेण्याबद्दल लिहितोय. हॉस्पिटलचे आयसोटोप, तेलविहिरींचे लॉगिंग सोर्स, विमानाने पाठवणं यांची कागदपत्रं वेगळी असतात, ती यात मिसळू नका.

१. परवानगी एक नाही, तीन आहेत

आपलं सगळं काम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एईआरबीच्या देखरेखीखाली चालतं. मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ची, कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आणि वाहतुकीची सुरक्षा संहिता हे दोन्ही एकदा शांतपणे वाचा. वाहतुकीचे नियम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियमांवर बेतलेले आहेत, त्यामुळे पॅकेजचे प्रकार, लेबलं, यूएन क्रमांक (धोकादायक मालाच्या प्रकाराचे क्रमांक) जगभर सारखेच.

नवीन माणूस "परवानगी आली का?" असं विचारतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच कागद असतो. प्रत्यक्षात तीन गोष्टी जागेवर लागतात:

पहिली, कॅमेऱ्याच्या डिझाइनची मंजुरी. कॅमेरा हे नुसतं काम करायचं उपकरण नाही, वाहतुकीत तोच पॅकेज असतो. इरिडियम-१९२ साठी ए-वन मर्यादा, म्हणजे साध्या टाइप ए पॅकेजमधून नेता येणाऱ्या सोर्सची कमाल अ‍ॅक्टिव्हिटी (किरणोत्साराचं प्रमाण), १ टेराबेक्वेरेल आहे, म्हणजे साधारण २७ क्युरी. बंदिस्त, विशेष स्वरूपाचा (आतलं द्रव्य बाहेर विखुरणार नाही असा) दाखला असलेला सोर्स त्यापेक्षा जास्त असेल तर टाइप ए पॅकेज चालत नाही, अपघातही सोसणारं टाइप बी(यू) लागतं. ४२ क्युरी म्हणजे १.५५ टेराबेक्वेरेल, तेव्हा आमचा कॅमेरा टाइप बी(यू)च हवा होता. या प्रकारच्या डिझाइनला ९ मीटरवरून टणक पृष्ठभागावर पाडणं, १ मीटरवरून उभ्या लोखंडी दांड्यावर पाडणं आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवणं अशा चाचण्यांना टिकावं लागतं. ती मंजुरी जसा डिझाइन केला तशाच कॅमेऱ्याला असते. साइटवर कुणीतरी हँडल तुटलं म्हणून वेल्डिंग मारतं, कुणी लॉक बसत नाही म्हणून भोक पाडतं. असा कॅमेरा मग मंजूर पॅकेज राहत नाही, कागद कितीही चकचकीत असोत.

दुसरी, तुमच्या संस्थेचा सोर्स बाळगण्याचा आणि वापरण्याचा परवाना.

तिसरी, हा विशिष्ट कॅमेरा, हा विशिष्ट सोर्स, या विशिष्ट साइटवर नेण्याची परवानगी. "एकदा मिळाली आहे ना" म्हणून जुनी परवानगी पुढच्या साइटला लावता येत नाही. क्लायंट तोच असला तरी गाव बदललं की साइट बदलली.

२. आधी हे कागद आणि साहित्य गोळा करा

अर्ज उघडून मग कागद शोधायला बसलात तर दोन दिवस तिथेच जातात. एक फाइल करा आणि त्यात हे ठेवा:

- संस्थेचा चालू परवाना आणि आरएसओच्या नेमणुकीची मंजुरी
- साइटवर जाणाऱ्या रेडिओग्राफर आणि ट्रेनींची नावं, त्यांचे प्रशिक्षणाचे दाखले, टीएलडी बॅजचे (माणसाला मिळालेला डोस मोजणाऱ्या बॅजचे) क्रमांक
- कॅमेऱ्याचं मॉडेल, अनुक्रमांक, पॅकेज डिझाइन मंजुरीची प्रत, शेवटच्या सर्व्हिसिंगचा अहवाल
- सोर्सचा दाखला: अनुक्रमांक, भरल्याची तारीख, त्या दिवसाची अ‍ॅक्टिव्हिटी, विशेष स्वरूपाचं प्रमाणपत्र
- सर्व्हे मीटरचं (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचं) वैध कॅलिब्रेशन प्रमाणपत्र
- क्लायंटची वर्क ऑर्डर किंवा पत्र, साइटचा पूर्ण पत्ता
- साठवणीच्या जागेचा नकाशा: पिट कुठे, आजूबाजूला काय, किल्ली कुणाकडे
- वाहतुकीचे चार कागद: पाठवणाऱ्याचं घोषणापत्र, ट्रेमकार्ड (मालाची माहिती आणि आणीबाणीचे फोन नंबर असलेलं, गाडीत ठेवायचं कार्ड), वाहकासाठी सूचना, आणि आणीबाणीत काय करायचं याच्या लेखी सूचना
- लांब चिमटा, आपत्कालीन शिशाचा डबा, दोरी, धोक्याचे फलक, टॉर्च

तारखा एकेक करून तपासा. सोर्सची तारीख सगळे बघतात, पण पॅकेज डिझाइनची मंजुरी आणि विशेष स्वरूपाचं प्रमाणपत्र यांनाही मुदत असते हे फार जणांच्या लक्षात येत नाही. सर्व्हे मीटरचं कॅलिब्रेशन संपलेलं असणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मीटर चालू आहे, सुई हलते आहे, म्हणून तो चालतो असं नाही.

३. ई-लोरावरचा अर्ज

अर्ज एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतूनच होतो. फॉर्म अवघड नाही. अडतं ते बारीकसारीक माहितीपाशी.

सोर्सचा क्रमांक आणि कॅमेऱ्याचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बहुतेक इरिडियम सोर्स वाशीच्या ब्रिटमध्ये (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) भरले जातात. ब्रिट हा अणुऊर्जा विभागाचाच घटक, १९८९ पासून स्वतंत्रपणे काम करतो. इरिडियमचा अर्धायुकाल फक्त ७४ दिवसांचा, त्यामुळे एकाच कॅमेऱ्यात वर्षभरात दोन-तीन सोर्स येऊन जातात. मागच्या अर्जाची प्रत समोर ठेवून भरायला बसलात की कॅमेरा तोच आणि सोर्स मागचा, असा घोळ होतो. सोर्सचा दाखला हातात घेऊन, क्रमांक मोठ्याने वाचून भरा. दुसऱ्याने तपासावा.

अ‍ॅक्टिव्हिटी कोणत्या तारखेची लिहिताय ते नीट बघा. १ जूनला ५० क्युरी असलेला सोर्स ऑगस्टच्या मध्यावर २५ वर येतो. रोज साधारण एक टक्का कमी होतो हा ढोबळ हिशेब डोक्यात ठेवा, पण कागदावर तक्त्यावरून काढलेला आकडाच लिहा. आणि बेक्वेरेलमध्ये लिहा. १ क्युरी म्हणजे ३७ गिगाबेक्वेरेल. लेबलवरही बेक्वेरेलच लागतं.

साइटवर जाणाऱ्या माणसांची नावं दाखल्यावर आहेत तशीच. आणि ज्याचं नाव दिलं तोच जाईल याची खात्री असेल तरच द्या. आयत्या वेळी घरी लग्न निघालं म्हणून माणूस बदलला, आणि बदली माणसाची नोंद कुठेच नाही, असं बरेचदा होतं.

अर्ज आजच केला आणि परवा निघायचंय, असं क्लायंटला कधीही कबूल करू नका. शटडाउनच्या (प्लांट दुरुस्तीसाठी बंद असतो त्या) दिवसांत क्लायंट रोज फोन करतो, मालक मागे लागतो, आणि "गाडी काढू, परवानगी वाटेत येईल" असं कुणीतरी सुचवतं. काढू नका. परवानगी हातात येईपर्यंत कॅमेरा पिटमधून वर येत नाही. हे मालकाला पहिल्याच दिवशी स्वच्छ शब्दांत सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर ती अडवणूक वाटते.

याच टप्प्यावर क्लायंटच्या सेफ्टी विभागाला लेखी मेल करा: गाडीचा क्रमांक, माणसांची नावं, पोचण्याची वेळ, रात्री पोचलो तर गेट कोण उघडणार. प्रोजेक्टच्या माणसाला सांगितलं म्हणजे गेटवर कळलं असं होत नाही.

४. निघण्याच्या सकाळी मीटर हातात घ्या

हा भाग घाईत उरकू नका. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथलं.

कॅमेरा लॉक आहे, किल्ली काढलेली आहे, पुढची-मागची टोपणं बसलेली आहेत, सोर्स शिल्डेड जागेवर आहे, हे डोळ्यांनी बघा. मग मीटरची बॅटरी तपासा. मग कॅमेऱ्याच्या सगळ्या बाजूंनी मीटर फिरवा. सगळ्या म्हणजे तळाशीसुद्धा. पृष्ठभागावरचा सगळ्यात जास्त आकडा लिहा. त्यानंतर टेपने १ मीटर मोजून तिथला सगळ्यात जास्त आकडा लिहा. अंदाजाने एक मीटर धरू नका. मी टेप घेऊन मोजतो.

एक मीटरवरच्या आकड्यावरून वाहतूक निर्देशांक निघतो, म्हणजे टीआय. तासाला जेवढे मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) मिळाले त्याला १०० ने गुणायचं. आपल्या बहुतेक मीटरवर मिलिरॉन्टजेन हे जुनं एकक दिसतं, तेव्हा गॅमासाठी तोच आकडा जवळपास टीआय असतो. दशांशाचं एक स्थळ ठेवायचं आणि वरच्या बाजूला पूर्ण करायचं.

आता लेबल. तीन प्रकार आहेत:

- पांढरं-१: पृष्ठभागावर तासाला ०.००५ मिलिसिव्हर्टपर्यंत, टीआय शून्य
- पिवळं-२: पृष्ठभागावर ०.५ पर्यंत, टीआय १ पर्यंत
- पिवळं-३: पृष्ठभागावर २ पर्यंत, टीआय १० पर्यंत

नवीन माणूस फक्त टीआय बघतो. समजा एक मीटरवर ०.७ मिलिरॉन्टजेन आलं, म्हणजे टीआय ०.७. लगेच पिवळं-२ चिकटवलं. पण पृष्ठभागावर ६४ मिलिरॉन्टजेन होतं, म्हणजे ०.६४ मिलिसिव्हर्ट. ते ०.५ च्या वर गेलं. दोन आकडे दोन वेगळे प्रकार दाखवत असतील तर वरचा प्रकार घ्यायचा, म्हणून इथे पिवळं-३. ही चूक मी अनुभवी माणसांकडूनही झालेली पाहिली आहे.

लेबल पॅकेजच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर. त्यावर इरिडियम-१९२, आजची अ‍ॅक्टिव्हिटी बेक्वेरेलमध्ये, आणि टीआय, पुसली न जाणारी शाई वापरून. यूएन २९१६ हा टाइप बी(यू) पॅकेजचा क्रमांक. जुनी लेबलं आधी खरवडून काढा. एकावर एक तीन लेबलं चिकटलेला कॅमेरा बघितला की समोरचा अधिकारी बाकी सगळं दुप्पट बारकाईने बघतो, आणि ते योग्यच आहे.

हे आकडे घोषणापत्रात आणि ट्रेमकार्डवर जसेच्या तसे गेले पाहिजेत. तीन ठिकाणी तीन आकडे नकोत.

५. गाडी आणि ड्रायव्हर

एसटी, रेल्वेचा डबा, रिक्षा, टॅक्सी, शेअर जीप यांतून कॅमेरा न्यायचा नाही. कितीही जवळची साइट असली तरी नाही. मालवाहू गाडी घ्या, मागे कॅमेरा, पुढे माणसं. साइटच्या पोरांना त्याच गाडीत कोंबून नेण्याची सवय आपल्याकडे आहे. गाडीत फक्त ड्रायव्हर आणि नावं दिलेली माणसं.

ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक माल वाहण्याची नोंद असली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९ प्रमाणे त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. नेहमीचा ड्रायव्हर आजारी म्हणून शेजारच्या टेम्पोवाल्याला बोलावलं, त्याच्या लायसन्सवर ही नोंद नसणार हे धरून चाला.

कॅमेरा गाडीत बांधा. नुसता ठेवू नका. पंचवीस किलोच्या आसपासचा तो ठोकळा गचके बसले की सरकतो. लोखंडी पेटीत कुलूपबंद, पेटी गाडीच्या बॉडीला साखळीने. पेटीत ठेवला की पेटीबाहेरूनही मोजा आणि पेटीवरही लेबल लावा, आतलं लेबल बाहेरून दिसत नाही.

मग गाडी मोजा. ड्रायव्हरच्या सीटवर मीटर ठेवा, तासाला ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आत हवं. गाडीच्या बाहेरच्या बाजूला २ पर्यंत, आणि तिथून २ मीटरवर ०.१ पर्यंत चालतं. रेडिओग्राफी कॅमेऱ्याला या मर्यादा सहज जमतात, तरी मोजून लिहून ठेवा. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे वर्ग ७ चे, म्हणजे किरणोत्सारी मालाचे फलक, किमान २५ सेंटिमीटर बाजूचे. आपत्कालीन माहितीचा फलकही.

आणि फिल्मचे खोके! वापरायच्या कोऱ्या फिल्म कॅमेऱ्याशेजारी ठेवून सहा-सात तासांचा प्रवास केला की साइटवर प्रत्येक फिल्म धुरकट निघते. फिल्म दुसऱ्या गाडीतून पाठवा. तसंच टीएलडी बॅज कॅमेऱ्याच्या पेटीत टाकू नका. बॅज अंगावर हवा. पेटीत राहिलेल्या बॅजचं रीडिंग जास्त आलं की चौकशी लागते आणि मग तो डोस माणसाला मिळाला की नुसत्या बॅजला, हे सिद्ध करत बसावं लागतं.

६. वाटेत

गाडी कधीही एकटी सोडायची नाही. चहाला थांबलात तरी एक जण गाडीपाशी. मुक्काम टाळता येईल असंच नियोजन करा. मुंबई-ठाण्यातून जड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, ती बघून पहाटे निघा म्हणजे दिवसाउजेडी पोचता. घोडबंदरला दोन तास गेले की सगळं गणित कोलमडतं, आणि रात्री गेटवर उभं राहण्याची वेळ येते.

पोलिसांनी थांबवलं तर घाबरू नका. चारोटीजवळ एकदा हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. तिहेरी पात्यांचं चिन्ह बघून त्यांनी सरळ विचारलं, "बॉम्ब आहे का हो?" प्रश्न रास्त होता. मी मराठीतलं ट्रेमकार्ड त्यांच्या हातात दिलं, मीटर चालू करून त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि सुई कुठे आहे ते दाखवलं. "साहेब, तेल कंपनीच्या पाइपचे जोड तपासायला एक्स-रेसारखं वापरतो." दहा मिनिटांत सोडलं. तेव्हापासून ट्रेमकार्डच्या प्रती मी मराठी, हिंदी आणि ज्या राज्यात जायचं तिथल्या भाषेत, अशा तिन्ही ठेवतो. ड्रायव्हरला वाचता येईल अशी एक तर असलीच पाहिजे. त्याला निघण्याआधी ते वाचायला लावा, तुमच्यासमोर.

७. काही झालंच तर

अपघात झाला तर क्रम असा: जखमी माणूस आधी, सोर्सच्या भीतीने मदत थांबवायची नाही. मग मीटर घेऊन दुरून जवळ या. कॅमेरा शाबूत असेल आणि रीडिंग सकाळच्या आकड्यांशी जुळत असेल तर जागा दोरीने घेरा आणि पोलीस, एईआरबी, तुमचा आरएसओ यांना कळवा. रीडिंग जास्त असेल तर माणसं लांब करा आणि शहाणपणा न करता मदतीची वाट बघा. हाताने काहीही उचलायचं नाही. फोन नंबर ट्रेमकार्डवर आहेतच, पण निघण्याआधी एकेक लावून बघा. बंद पडलेले नंबर वर्षानुवर्षं छापत राहतात.

मीटर हरघडी का लावायचा हे जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात जे झालं त्यावरून कळेल. खाणीतल्या गेजमधली (मोजमापाच्या उपकरणातली) सीझियम-१३७ ची कॅप्सूल, ८ बाय ६ मिलिमीटरची, पर्थच्या वाटेवर ट्रकमधून रस्त्यावर पडली. गेज पर्थला पोचलं, पण पेटी २५ तारखेला उघडली तेव्हा कॅप्सूल नसल्याचं कळलं. साधारण १,४०० किलोमीटरच्या रस्त्यावर शोध घेऊन ती १ फेब्रुवारीला सापडली. पोचल्याबरोबर पेटीला मीटर लावला असता तर बातमी त्याच दिवशी कळली असती. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातला जुना कोबाल्ट-६० चा गॅमासेल (प्रयोगासाठीचं किरणोत्सारी यंत्र) भंगारात गेला आणि एक कामगार जिवानिशी गेला. ज्याच्या ताब्यात सोर्स आहे त्याच्या नजरेतून तो सुटला की पुढच्या माणसाला तो काय आहे हे माहीतच नसतं. तुमचा ट्रेनी हे ऐकून आहे का, विचारा.

८. पोचल्यावर, आणि परतताना

गाडीतून उतरवण्याआधी मोजा. सकाळचे आकडे आणि आत्ताचे शेजारी-शेजारी लिहा. जुळले की कॅमेरा पिटमध्ये, कुलूप, किल्ली साइट इनचार्जकडे, नोंदवहीत वेळ आणि सही. त्यानंतर ई-लोरावर पोचल्याची नोंद. ही नोंद करायची राहून गेली की पुढच्या ने-आणीचा अर्ज अडतो, आणि मग दोन महिन्यांपूर्वीचं काय ते शोधत बसावं लागतं.

परतताना सोर्स ब्रिटला दिला आणि कॅमेरा रिकामा झाला, म्हणून तो साधं सामान झाला असं समजू नका. बहुतेक कॅमेऱ्यांचं शिल्डिंग क्षीण युरेनियमचं असतं, आणि युरेनियम स्वतःच किरणोत्सारी. रिकामा कॅमेरासुद्धा कागदांसकट जातो, यूएन २९०९ या क्रमांकाखाली. इरिडियमची पिवळी लेबलं काढून टाका, नाहीतर बाहेर लेबल सोर्स आहे असं सांगतं आणि आत काही नसतं. आणि रिकामा म्हणून हातात दिला तरी एकदा मीटर लावा. वाशीच्या गेटबाहेर गाडी उभी करून मी आजही लावतो, आकडा वहीत लिहितो, मग ड्रायव्हरला निघायला सांगतो.